नॉरईस्टर आणि समुद्रासमोरचं भाड्याचं घर: बर्फाआधी भरती बघा

प्रश्न विचारणारं जोडपं बॉस्टनमध्ये नोकरी करतं. शहरातल्या दोन खोल्यांच्या भाड्यात तीन बेडरूम मिळतायत म्हणून त्यांनी बॉस्टनच्या दक्षिणेकडच्या सिच्युएट गावात अगदी समुद्रासमोरचं घर मे महिन्यापर्यंत घेतलं आहे. घरात सहा वर्षांची मुलगी आणि रत्नागिरीहून आलेले आईबाबा आहेत. हिवाळ्यातलं मोठं वादळ आलं तर घरात थांबावं की निघावं, आणि तयारी म्हणून काय काय भरून ठेवावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी स्थापत्य अभियंता. माझी बहुतेक नोकरी बॉस्टनच्या दक्षिणेकडच्या किनारी गावांत, समुद्रभिंती आणि पावसाळी गटारांच्या कामात गेली. वादळाच्या रात्री गावात निवारा उघडतो, तिथे मी स्वयंसेवक म्हणूनही असतो. त्यामुळे घाटावरच्या माणसाला सांगेन त्यापेक्षा जरा वेगळं तुम्हाला सांगणार आहे.

सामानाची यादी कुणीही देईल, नगरपालिकेच्या पत्रकात ती छापलेली असते. त्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्या घराला खरा धोका बर्फाचा नाही, पाण्याचा आहे. बर्फ दोन फूट पडला तरी तो दारात पडून राहतो आणि तुम्ही आत चहा पीत बसू शकता. समुद्राचं पाणी आत शिरलं की रस्ता, वीज आणि हीटिंग एकाच तासात जातात आणि त्यानंतर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. सुदैवाने हे पाणी वेळ सांगून येतं. म्हणून टीव्हीवर ‘किती इंच बर्फ’ चालू असेल तेव्हा तुम्ही भरतीचं वेळापत्रक उघडून बसा.

नॉरईस्टर म्हणजे ईशान्येकडून वारं आणणारं वादळ. हिवाळ्यात कॅनडाकडून उतरलेली कोरडी थंड हवा आणि गल्फ स्ट्रीमच्या कोमट पाण्यावरची दमट हवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत समोरासमोर येतात. बऱ्याचदा नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या केप हॅटरासच्या आसपास कमी दाबाचा पट्टा जोर धरतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकतो. वारं या केंद्राभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. त्यामुळे केंद्र केप कॉडच्या दक्षिणेला असलं की आपल्याकडे वारं थेट समुद्रावरून, ईशान्येकडून येतं. सिच्युएट, मार्शफील्ड, हल या गावांची तोंडं नेमकी त्याच दिशेला आहेत. इथले हवामानवाले ४० अंश उत्तर आणि ७० अंश पश्चिम या बिंदूवर नजर ठेवून असतात. केंद्र त्याच्या जवळून गेलं तर बॉस्टनला भरपूर बर्फ, बरंच आतून गेलं तर पाऊस, फार बाहेरून गेलं तर नुसताच वारा. पण हा हिशेब बर्फाचा झाला. बर्फाऐवजी पाऊस पडला म्हणून किनाऱ्यावर पूर येत नाही असं मुळीच नाही. बातम्यांत ‘बर्फ टळला’ ऐकून आमच्या गावातली नवी मंडळी निर्धास्त होतात आणि दुसऱ्या दिवशी तळघरात गुडघाभर खारं पाणी असतं.

आता हिशेब. तुम्ही कोकणातले, म्हणजे उधाण तुम्हाला समजावून सांगायला नको. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा मुंबईतली वर्तमानपत्रं छापतात, त्यामागचं तत्त्वच इथे आहे. पाऊस तोच, पण ओहोटीला तो वाहून जातो आणि मोठ्या भरतीला तुंबतो. बॉस्टनच्या भरतीमापकावर रोजची भरती साधारण १० फुटांच्या आसपास असते. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र जवळ असला तर ती १२ फुटांपर्यंत जाते. १२.५ फुटांपासून किरकोळ पूर धरतात आणि १४.५ पासून मध्यम. वादळाची भर यात वेगळी मिळवायची. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटर उचलली जाते, आणि वारं पाणी किनाऱ्याकडे ढकलतं ते वेगळंच. मोठ्या नॉरईस्टरमध्ये ही भर सहज तीन फूट होते. साडेनऊ फुटांच्या भरतीवर तीन फूट आले तर तुमच्या रस्त्यावर डबकी होतील. बारा फुटांच्या भरतीवर तेच तीन फूट आले तर काय होतं ते ४ जानेवारी २०१८ ला सगळ्यांनी पाहिलं. दोनच दिवसांपूर्वी मोठी पौर्णिमा झाली होती, वादळाने ऐन दुपारची भरती गाठली आणि बॉस्टनच्या मापकावर १५.१६ फुटांची नोंद झाली. १९२१ पासूनच्या नोंदींत एवढं पाणी कधी आलं नव्हतं. आधीचा उच्चांक फेब्रुवारी १९७८ चा, तोही अमावस्येचा.

या आकड्यात एक गोम आहे. भरतीमापक बंदराच्या आडोशाला आहे, त्यात लाटा धरलेल्या नसतात. तुमच्या दारात आडोसा नाही. वीस-पंचवीस फुटांच्या लाटा बाहेर खोल पाण्यात असतील तर त्या उथळात फुटून समुद्रभिंतीवर आदळतात आणि पाण्याची चादर भिंतीवरून सरळ रस्त्यावर येते. नुसतं पाणी नाही, गोटे येतात. नारळाएवढे गोल, गुळगुळीत. वादळानंतर आमचा पहिला लोडर पाण्यासाठी नाही, रस्त्यावरचे हे गोटे उचलायला निघतो. आपल्याकडे कोकणात धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात त्यातलाच हा प्रकार, पण इथल्या कित्येक भिंती आठ-नऊ दशकं जुन्या, काँक्रीटच्या आणि सरळ उभ्या. लाट तिच्यावर आपटते, वर उडते आणि वारं ते पाणी आत लोटतं. एकदा आत आलेल्या पाण्याला परत जायला वाट नसते, कारण भिंत आता त्याच्या आड येते. म्हणून भिंतीमागचे रस्ते खोलगट तलावासारखे भरतात आणि रात्री तापमान उतरलं की त्याचं बर्फाचं मैदान होतं.

दुसरी गोष्ट नव्या माणसाला जवळजवळ कधीच सुचत नाही. पाणी मागूनही येतं. तुमचं घर पुळणीच्या चिंचोळ्या पट्टीवर असेल तर पुढे समुद्र आणि मागे खाजण किंवा खाडी असते. पुढच्या बाजूला लाटांचा धडाका चाललेला असतो म्हणून सगळे खिडकीशी उभे राहून तिकडेच बघतात. तोवर मागच्या खाजणातून गवतातून सरकत सरकत, काही आवाज न करता, पाणी रस्त्यावर चढलेलं असतं. घर कोरडं आणि रस्ता बुडालेला अशी अवस्था होते. याच आठवड्यात ओहोटीच्या वेळी घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा आणि सगळ्यात सखल जागा कुठे आहे ते पाहून ठेवा. बहुधा ती खाडीच्या बाजूची, एखाद्या पाइपच्या तोंडापाशीची असेल. तुमचं निघणं त्या जागेवर ठरणार आहे, घराच्या जोत्याच्या उंचीवर नाही.

ही जमीन किती कच्ची आहे याचं उदाहरण तुमच्याच गावात आहे. २६-२७ नोव्हेंबर १८९८ च्या वादळाने सिच्युएटमधल्या थर्ड क्लिफ आणि फोर्थ क्लिफ या दोन कड्यांच्या मधली पुळण फोडली आणि नॉर्थ रिव्हरला नवं मुख मिळालं. ह्यूमरॉक हा भाग कागदोपत्री आजही सिच्युएटचा आहे, पण तिथे गाडीने जायचं तर शेजारच्या मार्शफील्डमधून पुलावरून जावं लागतं. मुखं उघडणं, बंद होणं हे समुद्राचं नेहमीचं काम. आपण मध्ये घरं बांधली. त्याही आधी, एप्रिल १८५१ मध्ये, इथल्याच मायनट्स लेज खडकावरचं लोखंडी दीपगृह लाटांनी उखडून नेलं आणि आतले दोघे सहायक गेले. आत्ता तिथे उभा आहे तो ग्रॅनाइटचा मनोरा १८६० चा. (त्याचा दिवा एक-चार-तीन असा लुकलुकतो आणि इथली प्रेमी मंडळी त्याचा अर्थ ‘आय लव्ह यू’ असा लावतात. तुमच्या खिडकीतून दिसत असेल तर मुलीला दाखवा.)

थांबायचं की निघायचं, याकडे येतो. वाऱ्याचा वेग किंवा बर्फाचे इंच यांवरून ठरवू नका. हे वादळ किती भरत्या टिकणार, ते बघा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. झपाट्याने निघून जाणारं वादळ एकच भरती गाठतं, आणि ती लहान असली तर वाचलात. रेंगाळणारं वादळ तीन-चार भरत्या खातं, आणि प्रत्येक भरतीला आधीचं पाणी पुरतं उतरलेलं नसताना नवं येतं, भिंत आधीच खिळखिळी झालेली असते. मार्च २०१८ च्या सुरुवातीचं वादळ असंच अडून बसलं. शुक्रवार सकाळ, शुक्रवार रात्र, शनिवार अशी एकामागून एक भरती आली आणि क्विन्सीत लोकांना लोडरच्या पुढच्या बादलीत बसवून बाहेर काढावं लागलं.

माझा नियम साधा आहे. हवामान खात्याच्या किनारी पुराच्या इशाऱ्यात कुठल्याही एका भरतीला ‘मध्यम’ किंवा त्याहून वरचा पूर लिहिला असेल आणि तुमचं घर भिंतीलगतच्या पहिल्या दोन ओळींत असेल, तर त्या भरतीच्या आधीच्या ओहोटीला, आणि शक्य तर उजेडात, निघायचं. भरतीच्या तासाला नव्हे. रस्ता भरतीच्या आधी दोनेक तास बुडायला लागतो आणि नंतरही दोनेक तास मोकळा होत नाही. वाईट भरती पहाटे तीनची असेल तर तुमची निघायची वेळ आदल्या संध्याकाळी आहे. त्या वेळी आभाळ नुसतं राखाडी दिसत असेल, शेजारी कुत्रा फिरवत असतील आणि आईबाबा म्हणतील, ‘कशाला उगाच?’ तरी निघा. १९७८ च्या ६ फेब्रुवारीला हेच झालं. भाकीत होतं, पण सकाळी ठरलेल्या वेळी बर्फ सुरू झाला नाही, म्हणून लोक कामावर गेले. दुपारनंतर असा कोसळला की बॉस्टनभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या महामार्गावर सुमारे ३,००० मोटारी आणि ५०० ट्रक गाडले गेले. त्याच वादळात सिच्युएटमध्ये बुडत्या घरांतून माणसं नेणारी बोट उलटली आणि पाच वर्षांची एक मुलगी गेली. त्यांना सोडवायला माणसं आली होती, हे लक्षात घ्या. उशिरा निघणं हे न निघण्यापेक्षाही वाईट असू शकतं. पाणी रस्त्यावर आलंच असेल तर गाडी काढू नका, वरच्या मजल्यावर जा, ९११ ला फोन करून घरात किती माणसं आहेत, कोण म्हातारं, कोण लहान ते सांगा आणि खिडकीत टॉर्च लावून ठेवा. फेब्रुवारीत इथल्या समुद्राचं पाणी तीन-चार अंशांवर असतं. त्यात पडलेल्या माणसाला पहिला मिनिटभर श्वासावर ताबाच राहत नाही आणि दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. पोहता येतं की नाही याचा तिथे संबंध उरत नाही.

कुठे जायचं? सगळ्यात चांगलं म्हणजे आतल्या गावातलं ओळखीचं घर. आपल्या मंडळातल्या कुणालाही आधी विचारून ठेवा, कुणी नाही म्हणत नाही. तसं नसेल तर गावाचा निवारा, बहुतेक वेळा तो हायस्कूलमध्ये असतो. २११ वर फोन केला की आज कुठे उघडलाय ते कळतं. निवाऱ्यात खाटा आणि कॉफी मिळते, पण बाबांची औषधं मिळत नाहीत. येणारे निम्मे लोक चष्मा, श्रवणयंत्राचे सेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घरी ठेवून येतात. इन्शुलिन असेल तर बर्फाच्या खड्याला थेट टेकवून ठेवू नका, गोठलं तर वाया जातं. पासपोर्ट, आय-९४ चा (अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीचा) कागद, आईबाबांच्या प्रवास विम्याची प्रत, भाडेकरार, हे सगळं झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून दाराशी टांगून ठेवा.

आता समजा इशारा किरकोळ पुराचा आहे आणि तुम्ही थांबलात. मग खरी गोष्ट आहे वीज आणि धूर, त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

वीज गेली की हीटिंग जातं. तुमचं हीटिंग तेलाचं किंवा गॅसचं असलं तरीही जातं, कारण बर्नर पेटवायला आणि गरम पाणी किंवा हवा फिरवायला वीजच लागते. किनाऱ्यावर कधीकधी वीज कंपनी मुद्दाम पुरवठा तोडते, कारण खारं पाणी मीटरपर्यंत पोचलं तर ठिणग्या पडून आग लागते आणि पाण्यातून बंब पोचू शकत नाही. जानेवारी २०१५ च्या वादळात नँटकेट बेट सगळंच्या सगळं अंधारात गेलं होतं. तेव्हा ‘वीज गेली तर’ असं नाही, ‘गेल्यावर काय’ असं धरून चाला.

अशा वेळी आपली माणसं काय करतात ते मी पाहिलंय. एक आजी निवाऱ्यात आल्या होत्या, त्यांनी परसातला बार्बेक्यू स्वयंपाकघरात आणून कोळसे पेटवले होते. गावाकडे शेगडी घरात असायचीच की, असं त्यांचं म्हणणं. कौलारू घरातून धूर निघून जातो. इथलं घर हिवाळ्यासाठी फटी बुजवून बंद केलेलं असतं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि दमलोय म्हणून झालं असेल असं वाटतं. आईंना हे आजच, वादळाच्या आधी, नीट समजावून सांगा. कोळसा नाही, कॅम्पिंगचा स्टोव्ह नाही, ऊब म्हणून गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटता ठेवणं नाही. जनरेटर असेल तर घरापासून किमान २० फूट लांब, खिडक्यांपासून दूर, धूर घरापलीकडे जाईल असा. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत लावला तर चालेल का, हा प्रश्न दरवर्षी येतो. चालत नाही.

याहून छुपा प्रकार व्हेंटचा. नव्या गॅस फर्नेसचा धूर चिमणीतून जात नाही. बाजूच्या भिंतीतून बाहेर आलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपातून जातो. बऱ्याचदा असे दोन पाइप शेजारीशेजारी दिसतील, एक हवा आत घेणारा, एक धूर सोडणारा. वाऱ्याने बर्फाचा ढिगारा भिंतीशी साचला की ही तोंडं बुजतात. जानेवारी २००५ च्या हिमवादळात प्लिमथमध्ये अशाच बुजलेल्या व्हेंटमुळे सात वर्षांची मुलगी गेली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सने कायदा केला, ३१ मार्च २००६ पासून तो लागू आहे. घराच्या प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि झोपायच्या खोल्यांच्या दारांपासून १० फुटांच्या आत. भाड्याच्या घरात तो बसवणं मालकाचं काम आहे. तुमचं काम बटण दाबून बघण्याचं, आणि वीज गेल्यावर तो बॅटरीवर चालतो ना ते तपासण्याचं. बाहेर जाऊन भिंतीवर आठ फूट उंचीवर एक लहान पाटी शोधा. खाली गॅसचा व्हेंट आहे, मोकळा ठेवा, अशा अर्थाचं तिच्यावर लिहिलेलं असतं. एवढ्या उंच ती मुद्दाम लावतात, म्हणजे खालचा पाइप बर्फात गाडला गेला तरी कुठे खणायचं ते कळावं. वादळात दर दोन-तीन तासांनी, तोल सांभाळत, तेवढी जागा मोकळी करा. अंगणातला बाकी बर्फ नंतर काढला तरी चालतो.

गाडीचंही तेच. फेब्रुवारी २०१३ च्या वादळात बॉस्टनमध्ये वडील बर्फ काढत होते आणि मुलगा ऊब म्हणून चालू गाडीत बसला होता. मागचा धुराचा पाइप बर्फात होता. मुलगा वाचला नाही. आधी पाइप मोकळा करायचा, मगच इंजिन चालू. बर्फ उपसणं बाबांकडे देऊ नका, त्यांनी कितीही हट्ट केला तरी. किनाऱ्यावरचा बर्फ ओला आणि जड असतो, थंडीत रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात आणि त्यात ते फावडं. हृदयविकाराचा झटका येणाऱ्यांची संख्या या दिवसांत वाढते ती यामुळेच.

फावडं घरात ठेवा. शेडमध्ये नाही, गॅरेजमध्ये नाही, घरात, दाराच्या आत. इथल्या घरांना बाहेरून काचेचं आणखी एक दार असतं, ते बाहेरच्या बाजूला उघडतं. दोन फूट बर्फ त्याला टेकला, वर समुद्राचे तुषार गोठले, की ते ढिम्म हलत नाही. वादळाच्या दिवसांत मी त्या दाराची वरची काच सरकवून ठेवतो, म्हणजे आतलं दार उघडून तिथून हात घालून खणता येतं. वाऱ्याच्या आडोशाचं दुसरं दार कुठलं तेही ठरवून ठेवा.

समुद्रासमोरची स्वस्त घरं मुळात उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात, त्यामुळे पाण्याचे पाइप बऱ्याचदा जमिनीखालच्या उघड्या पोकळीतून जातात. बाहेर उणे सात अंशांखाली गेलं आणि हीटिंग बंद पडलं की ते गोठायला लागतात. मुख्य झडप कुठे आहे ते मालकाकडून आजच दाखवून घ्या आणि ती हाताने फिरते का ते पाहा. कितीतरी घरांत ती गंजून घट्ट झालेली सापडते. घर सोडून जाणार असाल तर झडप बंद करून सगळे नळ उघडून पाणी काढून टाका. थांबणार असाल तर भिंतीलगतच्या नळांना बारीक धार ठेवा आणि सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. सगळ्यांनी एकाच खोलीत झोपायचं, शक्यतो आतल्या, कमी खिडक्यांच्या. सोलापुरी चादरी आणि गोधड्या आणल्या असतील तर त्यांच्यासारखं काही नाही. अंगावरचं ओलं मात्र लगेच बदलायचं.

खाण्याचं तुम्हाला फार सांगत नाही. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह दोन्ही बंद असतील हे धरा. दडप्या पोह्यांना आच लागत नाही. आदल्या दिवशी थालीपिठं, दशम्या करून ठेवा, लाडू, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट असू द्या, थर्मासमध्ये उकळतं पाणी भरून ठेवा. प्यायचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर, तीन दिवसांचं. फ्रिज न उघडता चार तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. बाथटब भरून ठेवला तर टॉयलेटला पाणी होतं, पण लहान मूल घरात आहे, दार बंद ठेवा.

गाडी आदल्या दिवशी उंचावर लावून या. बर्फात रस्त्यावर लावायला बंदी असते, त्यामुळे कुठल्या मैदानात परवानगी आहे ते गावाच्या संकेतस्थळावर बघा. खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी दुरुस्त होत नाही. विजेवरची असेल तर पाणी ओसरल्यावरही तिच्यापासून लांब राहा, बॅटरी नंतर पेट घेऊ शकते.

वारं ईशान्येकडून उत्तरेला आणि मग वायव्येला फिरलं की तुमच्याकडचं पाणी उतरायला लागतं, कारण वायव्येचं वारं जमिनीवरून समुद्राकडे वाहतं. माझ्या लेखी वादळ संपल्याची ती खूण. पण थंडीचा कडाका नेमका तेव्हा सुरू होतो. ओलं घर आणि उतरता पारा असा तो काळ असतो, आणि पाइप फुटतात ते बहुधा याच रात्री. याच वेळी लोक लाटा बघायला भिंतीवरही येतात. तुम्ही जाऊ नका, मुलीला तर नकोच. गोटे अजून उडत असतात.

पाणी घरात आलंच असेल तर आत पाऊल टाकण्याआधी वीज बंद आहे याची खात्री करून घ्या. भिजलेल्या पॅनेलला हात लावू नका, वीजतंत्री येईपर्यंत थांबा. साफसफाईआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, उपकरणांच्या क्रमांकांचे फोटो काढा. विम्याला तेच लागतात.

विम्याचं अगदी थोडक्यात, पण विसरू नका. भाडेकरूचा साधा विमा पुराचं नुकसान देत नाही. मालकाचा पूरविमा असला तर तो त्याच्या इमारतीचा, तुमच्या सामानाचा नाही. राष्ट्रीय पूरविमा योजनेत भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो, एक लाख डॉलरपर्यंत. तो साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी ऐकून काढलेला उपयोगाचा नाही. जोरदार वादळं नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत येतात. २०१८ च्या एकट्या मार्चमध्ये चार आली. तेव्हा अर्ज याच आठवड्यात करा. तुमचं घर पुराच्या नकाशावर कुठल्या पट्ट्यात आहे ते मालकाला विचारा. उत्तर ‘व्ही’ने सुरू होत असेल तर तिथे तीन फूट किंवा त्याहून मोठ्या लाटा घरापर्यंत पोचू शकतात असं धरलेलं आहे. मग ‘मध्यम’ पुराच्या इशाऱ्याचीही वाट पाहू नका, किरकोळ इशाऱ्यालाच आईबाबांना आणि मुलीला आतल्या गावात पोचवा. तुम्ही दोघं मागे राहायचं की नाही, ते नंतर ठरवता येईल.